आजाचं गाव

खोटं बोलण्याचं मला फारसं वावडं नाही. पुण्यात चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ते परवडतही नाही. वर्गणीवाल्यांना 'साहेब घरात नाहीत' असं साहेबांनीच बनियनवर बाहेर येऊन सांगायचं, मेहुण्याच्या कवितांना 'वेगळ्या आहेत' म्हणायचं, आणि हिनं केलेल्या नव्या पदार्थाला घास तोंडात जायच्या आत 'वा!' म्हणायचं, एवढंही ज्याला जमत नाही त्यानं सरळ हिमालयात जावं. पण ही सगळी घरगुती खोटी. सातासमुद्रापलीकडे एका शहाळेवाल्यापाशी मी जे बोललो, ते या यादीत बसत नाही.

आमची मुलगी आणि जावई त्रिनिदादला असतात. जावई तिथल्या पॉइंट लिसास नावाच्या औद्योगिक वसाहतीत गॅसच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. बेट म्हणजे एवढंसं. आपला रत्नागिरी जिल्हासुद्धा त्याच्यापेक्षा मोठा. त्यामुळे 'रविवारी गाडी काढून पूर्व किनारा करू' असं जावयानं म्हटलं, तेव्हा मला तो किनारा जेवायच्या वेळेपर्यंत संपेल असं वाटलं होतं.

सांग्रे ग्रांदे या गावी (तिथले लोक त्याला 'सँडी ग्रँडी' म्हणतात, स्पॅनिश माणसानं ऐकलं तर झीट येऊन पडेल) आम्ही 'डबल्स' खाल्ले. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्या आणि मधे छोले. मग मांझानिलाला समुद्र लागला. तिथून मयारोपर्यंतचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. वीसेक किलोमीटर नुसती माडांची रांग, डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे नारिव्हाची दलदल. आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं.

"अगदी गुहागर हो!" ही म्हणाली. ही ज्या ज्या देशात जाते तिथं तिला गुहागर दिसतं. स्वित्झर्लंडला समुद्र नसल्यामुळे तेवढं एक राहून गेलं.

"कॅरिबियन समुद्र किती निळा असतो, नाही?" मी म्हणालो.

"बाबा, या बाजूचा अटलांटिक," जावई म्हणाला. जावई गुणी आहे, पण त्याला अचूकतेचा आजार आहे. तो पुढं माझ्यावर उलटला.

माडांच्या सावलीत एक टपरी दिसली म्हणून थांबलो. पंचाहत्तरीच्या पुढचा एक म्हातारा कोयत्यानं शहाळी फोडत होता. पाणी हवं की मलई, असं त्यानं विचारलं, आणि मग हिच्या साडीकडे पाहून, "इंडियाहून? म्हणजे खास इंडियाहूनच?"

हो म्हटल्यावर त्याचा कोयता थांबला. "माझा आजा तिकडचाच," तो म्हणाला.

बोलत होता तो तिथल्या हेलातलं इंग्रजी, पण शब्द वापरला 'आजा'च. आम्ही सगळे चमकलो. तिथं बापाचा बाप आजा, त्याची बायको आजी, आईकडचे नाना-नानी. भाषा गेली, पण आजा-आजी राहिले. ते राहण्यासारखेच होते म्हणा. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' नावाचं जहाज पहिले हिंदी मजूर घेऊन त्या बेटाला लागलं, आणि पुढं 1917 पर्यंत एक लाख चाळीस हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांवर आणली गेली. पाच वर्षांचा करार. बहुतेक जण परतले नाहीत.

म्हाताऱ्यानं खोक्याखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत कागद. आजाच्या नोंदीची झेरॉक्स, सरकारी दप्तरातून आणलेली. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा बस्ती, ठाणं, गाव. डाव्या नडगीवर व्रण. व्रण स्पष्ट वाचता येत होता. गाव मात्र त्या इंग्रज कारकुनाच्या अक्षरात पार बुडालं होतं. पहिलं अक्षर 'आर' की 'के' इथपासूनच वाद.

"तुम्ही पाहिलंय हे गाव?" त्यानं विचारलं.

आता, मी काशीच्या उत्तरेला कधी पाऊल टाकलेलं नाही. पण कागदाच्या घड्या फाटू नयेत म्हणून त्यानं मागून चिकटपट्टी लावली होती. तीही जुनी होऊन पिवळी पडली होती. ती पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहिलंय की!" (त्याच्या हातात कोयता होता, हे कारण नव्हे. आमच्या जावयाला तसं वाटतं.)

"कसं आहे?"

एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येत नाही, हे घरचे जाणतात. मी सातारा जिल्ह्यातलं माझं आजोळ उचललं आणि बस्तीत नेऊन ठेवलं. दगडी विहीर, पिंपळाचा पार, मारुतीचं देऊळ, मागे टेकडी. नदी आहे का? आहे. आमची माणसं असतील अजून? असतील की! म्हातारा ऐकत होता. शेवटी जावयानं पाकीट काढलं तर त्यानं त्याचा हातच धरला. आजाच्या गावाहून आलेल्या माणसाकडून कुणी पैसे घेतं का?

गाडीत किलोमीटरभर कुणी बोललं नाही. मग नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही बस्तीला कधी गेला होतात?"

"मलाही ते ऐकायचंय," ही म्हणाली.

"बाबा, बस्तीला टेकडी नाही," जावई म्हणाला. "नदी आहे. पण बाकी सगळं सपाट मैदान."

"अरे, पण म्हाताऱ्याला किती आनंद झाला! यात नुकसान कुणाचं झालं?"

"पाच शहाळ्यांचं," ही म्हणाली.

मयारोला मंडळी वाळूत 'चिपचिप' शोधायला गेली. चिपचिप म्हणजे तिथल्या तिसऱ्या. मी माडाखाली बसून माझी बाजू बांधायला घेतली. कांट नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता मला तिथं काही कामाचा नव्हता. खुनी दारात येऊन 'तुझा मित्र कुठं लपलाय?' असं विचारू लागला तरी खोटं बोलू नये, असं त्यानं 1797 साली लिहून ठेवलंय. पण कांट जन्मभर आपल्या मुलखाबाहेर पडला नाही, लग्नही केलं नाही. त्याला खोटं बोलायची गरज पडली असेल कशाला? टिळक बरे. गीतारहस्यात कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात त्यांनी सत्याला अपवाद कुठं चालतो याचा चांगला खल केलाय. पण तिथं जीव वाचवण्याच्या गोष्टी आहेत. कुणाचा तरी जीव वाचवायला मी टेकडी रचली, असं टिळकांपुढं सांगायची माझी छाती नव्हती.

आणि मग मला अरकाटी आठवले. अरकाटी म्हणजे मजूर भरती करणारे दलाल. काम काय, तर साखर चाळायची, असं ते खेड्यातल्या माणसांना सांगत म्हणे. त्रिनिदादचं त्यांनी 'चिनीदाद' केलं होतं, म्हणजे साखरेचा मुलूख. कलकत्त्याच्या जरा पुढं, की आलंच. त्यांनी तरी निराळं काय केलं होतं? समोरच्या माणसाला जे ऐकायचं होतं, तेच सांगितलं. आजाला एका माणसानं टपरीपर्यंत आणून सोडलं, आणि आता नातवाला परत पोचवायला मी उभा. तेही फुकट शहाळी पिऊन. ही करारमजुरीची पद्धत बंद करावी म्हणून आमच्या पुण्याच्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1912 साली कायदेमंडळात ठराव आणला होता. तो हरला. टिळक आणि गोखले एकाच दुपारी आपल्या विरुद्ध जाणं हे पुण्याच्या माणसाला फार कठीण असतं.

निघताना जावई म्हणाला, "रिओ क्लारोवरून जाऊ. आतला रस्ता, जवळही पडेल." त्यानं ते अगदी सहज म्हटलं. मुलगा खरंच गुणी आहे.

"नको," मी म्हणालो. "आलो तसेच जाऊ." ही काही बोलली नाही, फक्त पिशवीतली खोबऱ्याची वडी माझ्या हातावर ठेवली.

म्हातारा होता. आम्हाला पाहून उठून उभाच राहिला. मी एकटा खाली उतरलो आणि सांगून टाकलं. बस्ती मी पाहिलेलं नाही. गाव वाचताही आलं नाही.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला त्यानं शहाळं फोडून दिलं, पैसे घेतले, कोयता फडक्याला पुसला. मग म्हणाला, "आणि ती टेकडी?"

"ती माझ्या आईच्या गावची. बस्तीपासून फार लांब."

"विहीर?"

"तीही. आता बुजवली."

"का?"

"नळ आले."

यावर त्यानं मान हलवली. त्याच्याही गावात तेच झालं असावं. "दुपारी मी बहिणीला फोन केला," तो म्हणाला. "सान फर्नांडोला असते. तिला सांगितलं, आजाच्या गावाला टेकडी आहे. ती रडली."

मला काय बोलावं सुचेना. माफी मागितली. ती इंग्रजीत मागितली, आणि इंग्रजीत ती फार स्वस्त वाटते.

"आता परत फोन करावा लागेल," तो स्वतःशीच म्हणाला. मग थोडं थांबून, "का नको करू?"

हा प्रश्न त्यानं मलाच विचारला. मी म्हटलं, ते मी कसं सांगू? आणि पाकीट काढलं. सकाळच्या पाच शहाळ्यांचे, म्हटलं. या वेळी त्यानं हात धरला नाही. नोटा घेतल्या, मोजल्या, सुटे परत दिले. मग गाडीच्या काचेला नाक लावून बसलेल्या माझ्या नातीकडे पाहिलं, एक कोवळं शहाळं निवडून फोडलं, आणि त्याचेही घेतले.