कर्ज आणि भरंवसा

कर्ज म्हणजे काय हें आपणांस सांगावयास नको. परंतु ज्याचें कर्ज एकदां थकलें, त्याच्यावर पुढें मोठ्या कामाचा भरंवसा ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न सोपा नाहीं. अमेरिकेच्या सरकारास तो नित्य सोडवावा लागतो. तेथील रीत पाहिली असतां आपल्याही विचारास मदत होईल.

त्या देशांत ज्यास सरकारचीं गुप्त कागदपत्रें हाताळावयाचीं असतात, त्याच्या चालचलणुकीची आधीं चौकशी होते. तींत तो पात्र ठरला तरच तें काम त्यास मिळतें. सन २०१७ पासून लागू झालेल्या नियमांत ह्या चौकशीच्या १३ कसोट्या सांगितल्या आहेत, आणि त्यांपैकीं एक पैशाच्या व्यवहाराची आहे. अर्जदारास आपलें दिवाळें, न भरलेला कर व थकलेलीं कर्जें लेखी कळवावीं लागतात.

ह्या बारकाईस कारण आहे. ऑल्ड्रिच एम्स नांवाचा तेथील गुप्तचर खात्याचा एक अधिकारी कर्जानें गांजला होता. सन १९८५ त त्यानें आपल्या देशाचीं गुपितें सोव्हिएट रशियास विकलीं; पहिल्याच वेळीं त्यास ५०,००० डॉलर मिळाले. सन १९९४ त तो पकडला गेला. परंतु तोंपर्यंत त्याच्या फितुरीमुळें कित्येकांस प्राणांस मुकावें लागलें होतें.

तर मग जो जो ऋणको तो तो फितूर, असें समजावें काय? मुळींच नाहीं. फितुरी केल्यावर एम्स कर्जांत राहिला नव्हता. त्यानें रोख पैसे देऊन मोठें घर घेतलें, आणि पगारास न शोभणारा तो डामडौल कित्येक वर्षें नीट तपासला गेला नाहीं. आजच्या नियमांत, जिचा उगम सांगतां येत नाहीं अशी श्रीमंतीही संशयास्पद मानिली आहे, हें योग्यच होय.

शिवाय ते नियम कर्जाचें कारण विचारतात. नोकरी जाणें, आजार, घरांतील मृत्यु, घटस्फोट अशा आपत्तीनें कर्ज झालें, आणि त्या संकटांतही मनुष्य जबाबदारीनें वागला, तर तें त्याच्या बाजूनें धरतात. सर्व कर्ज फिटलेंच पाहिजे असें नाहीं. फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न दिसला पाहिजे. उलट, ऐपत असून देणें टाळणारा किंवा जुगारांत बुडालेला मनुष्य संशयास पात्र होतो. आणि जाणूनबुजून कर्ज लपविणें हा तर निराळाच दोष असून त्याची कसोटीही निराळी आहे.

तथापि एक कठीण गोष्ट उरते. संशय राहिल्यास निर्णय देशाच्या सुरक्षिततेच्या बाजूनें द्यावा, असा नियम आहे. आणि असा परवाना कोणाचाही हक्क नव्हे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें सन १९८८ त म्हटलें आहे. घरच्या आजाऱ्याच्या औषधपाण्यासाठीं ज्यास कर्ज झालें, त्याचें काम अशा रीतीनें गेलें, तर कर्ज फेडण्याचें साधनच गेलें. हा अन्याय नव्हे काय? आम्हांस वाटतें कीं, ज्या गुपितांवर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून आहेत, तीं सोंपवितांना सावध राहणें हें कर्तव्यच आहे. परंतु ज्याच्या हातीं एवढा अधिकार आहे, त्यानें नुसती कर्जाची यादी वाचून निवाडा करूं नये. नाकारण्याचीं कारणें अर्जदारास लेखी कळवावीं व त्यास उत्तर देण्याची संधि द्यावी, असें तेथील नियमांतही आहे.

म्हणून मनुष्याची पारख करणें जेव्हां आपल्या हातीं येईल, मग ती सोसायटीच्या चिटणीसाची असो कीं गांवच्या वर्गणीच्या खजिनदाराची, तेव्हां त्याला कर्ज होतें काय, एवढेंच विचारून थांबूं नये. तें कशानें झालें, त्यानें तें सांगितलें कीं लपविलें, आणि फेडण्यास त्यानें काय केलें, हें विचारावें. कर्ज हें मनुष्याच्या परिस्थितीची साक्ष देतें. त्या कर्जांतील त्याची वागणूक त्याच्या स्वभावाची साक्ष देते.