विसाव्याचा पत्ता

मेहकरहून भिवंडीच्या गोदामाकडे एक भरलेला ट्रक संध्याकाळी सहाला निघाला असे धरू. समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत साधारण चारशे किलोमीटर. पन्नासची सरासरी धरली तरी रात्री दोनला गाडी पोहोचते. पण गोदाम उघडते सकाळी. मग ही धाव कशासाठी? नंबर लावण्यासाठी. आधी पोहोचेल त्याची गाडी आधी खाली होणार, आणि रात्र गेटबाहेरच्या रांगेत जाणार. गाडी थोडी थोडी पुढे सरकवत राहायची असेल तर डोळा कसला लागतो! मालकाच्या हिशेबात मात्र ती वेळ 'आराम' म्हणून जमा.

याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून २५ माणसे गेली. त्या अपघाताच्या कारणावर बराच वाद झाला, त्यात मी पडत नाही. चर्चेत टायर, वेग, दारू, रस्त्याचे काँक्रीट सगळे आले. चालकाच्या कामाचे वेळापत्रक कोण आखतो, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

मार्ग-आखणीचे गणित १९५९ साली डँट्झिग आणि रॅम्सर यांनी मांडले. डेपोतून पंपांवर पेट्रोल पोहोचवणाऱ्या टँकरांनी एकूण कमीत कमी अंतर कसे कापावे, हा त्यांचा प्रश्न. त्यात टँकरची क्षमता होती, अंतरे होती; झोप येणारा माणूस नव्हता. तो गणितात आला की उत्तरच बदलते. सर्वांत जवळचा रस्ता तोच सर्वांत चांगला राहील असे नाही, कारण विसावा 'कधी' इतकाच 'कुठे' हाही प्रश्न असतो. खामगाव-नांदुरा-मलकापूरच्या जुन्या सहा नंबर हायवेवर ढाब्यावर बाज मिळते, गाडीवर कुणाची तरी नजर असते. दोन्ही बाजूंनी बंदिस्त समृद्धीवर जागा आधी ठरवली नसेल, तर ट्रक कडेच्या पट्ट्यात उभा राहतो, आणि तिथे तो मागून येणाऱ्याच्या जिवावर उठतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. तो पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायापुरता होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तीच मर्यादा वाहतूक वाहन चालवणाऱ्या इतरांनाही लावली. युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते, आणि त्या वेळात दुसरे कोणतेही काम करून घेता येत नाही. गेटवरची रांग तिथे विश्रांती ठरणार नाही.

आपल्या उदाहरणातल्या ट्रकचे पाच तास शिर्डी-सिन्नरच्या आसपास, रात्री अकराला भरतात. अर्धा तास थांबून कायदा पाळला जाईल. पण पहाटेच्या आधीचे ते जड तास आणि पुढचा इगतपुरीचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा वाट पाहतच असतात. त्यापेक्षा तिथेच चार-साडेचार तास झोप घेतली, तर गाडी साडेसहाच्या सुमारास आमण्याला पोहोचते. गोदाम उघडायच्या आधीच.

एवढ्यासाठी संगणकही लागत नाही. गोदामवाल्याने रांगेऐवजी वेळ द्यावी: तुमची गाडी दहाला, तुमची साडेअकराला. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टीसोबत थांब्याचे ठिकाण लिहून द्यावे, तिथल्या पार्किंगचे पैसे भाड्यात धरावेत. आज ते पैसे अनेकदा ड्रायव्हरच्या खिशातून जातात, म्हणून तो थांबत नाही.