धर्माच्या गाईचे दांत

धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत, असें आपल्याकडे म्हणतात. फुकट मिळालेल्या वस्तूचे दोष काढीत बसणें हें कृतघ्नपणाचें लक्षण होय, असा या म्हणीचा आशय. म्हण जुनी आहे व तिच्यांत व्यवहाराचें शहाणपणहि आहे. परंतु ती रूढ झाली त्या काळीं गाय देणारा एक असे, घेणारा एक असे, आणि दोघेहि एकमेकांस ओळखीत. आज एकानें दिलेलें दान लाखों अनोळखी लोक एकाच वेळीं घेतात, त्यावर आपला उद्योग उभारतात, आणि तें दान बिघडलें कीं त्यांचा उद्योगहि थांबतो. अशा स्थितींत घेणाऱ्यानें तोंड उघडावें कीं नाहीं, व उघडल्यास कोणत्या मर्यादेनें, हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो.

उदाहरणादाखल 'वर्डप्रेस' ही प्रणाली घेऊं. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनीं ती २००३ सालीं सुरू केली. तंत्राचें ज्ञान नसणाऱ्यासहि आपले लेख संकेतस्थळावर प्रसिद्ध करतां यावेत, हा तिचा हेतु. ती विनामूल्य आहे. आणि तिला जोडावयाचीं हजारों 'प्लगइन', म्हणजे मूळ प्रणालींत नसलेली एखादी सोय पुरविणारीं साधनें, तींहि पुष्कळशीं विनामूल्यच मिळतात. प्रत्येक प्लगइनखालीं वापरणाऱ्यास एक ते पांच तारका देऊन अभिप्राय लिहितां येतो. २०१७ सालीं याच मंडळींनीं 'गुटेनबर्ग' नांवाचें एक प्लगइन लोकांपुढें ठेवलें. युरोपांतील मुद्रणकलेच्या जनकाचें नांव त्यास दिलें, यावरून कर्त्यांची उमेद केवढी होती हें दिसतें. पूर्वी लेख एका अखंड कागदावर लिहावा तसा लिहीत. या नव्या साधनांत प्रत्येक परिच्छेद व प्रत्येक चित्र हा स्वतंत्र ठोकळा झाला. पुष्कळांस तें रुचलें नाहीं. त्याखालीं जमलेल्या अभिप्रायांत एका तारकेचेच अभिप्राय सर्वांत अधिक आहेत. तरीहि ६ डिसेंबर २०१८ रोजीं तें मूळ प्रणालीचा भाग झालें.

आतां कर्त्यांच्या बाजूनें काय म्हणतां येईल तें पाहूं. वर्डप्रेस ज्या 'जी. पी. एल.' परवान्याखालीं दिलें जातें, त्याच्या १९९१ च्या आवृत्तींतच स्पष्ट केलें आहे कीं, वस्तु जशी आहे तशी दिली आहे व तिच्याबद्दल कसलीहि हमी नाहीं. शिवाय जें आवडणार नाहीं तें बदलून घेण्याची मोकळीकहि त्याच परवान्यानें दिली आहे. मग ज्यानें दमडी मोजली नाहीं त्यास तक्रारीचा हक्क कोठून आला?

हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीनें बिनतोड असेल. नीतीच्या दृष्टीनें तो अपुरा आहे. तक्रारीचा हक्क किंमतींतून उत्पन्न होतो, हें त्याचें गृहीतच चुकीचें आहे. रस्त्याच्या कडेला पाणपोई घालणारा कोणाकडून पैसा घेत नाहीं. पण रांजणांतील पाण्यास वास येत असल्यास वाटसरूनें तें सांगावें कीं नाहीं? मी म्हणतों, त्यानें सांगितलेंच पाहिजे; कारण त्याच्यामागून दुसरा वाटसरू येणार आहे, आणि पाणपोईच्या भरंवशावर त्यानें घरून तांब्या घेतलेला नाहीं. लोकांनीं आपल्यावर विसंबावें अशी ज्याची इच्छा, त्यानें त्या विसंबण्याचा भारहि थोडाबहुत उचललाच पाहिजे. आपल्या मासिकांकडे अभिप्रायार्थ येणारीं पुस्तकें परीक्षकास फुकटच मिळतात. म्हणून त्यानें स्तुतीच करावी असें कोणी म्हणत नाहीं. उलट जो तशी स्तुति करतो त्याच्या शब्दास किंमत राहत नाहीं.

तक्रारीचा हक्क असा सिद्ध झाला. पण प्रश्न येथें संपत नाहीं. परीक्षकास पुस्तक फुकट मिळालें, पण तें वाचण्याचे श्रम त्यास करावेच लागतात. ते न करतां 'पुस्तक टाकाऊ आहे' एवढेंच जो लिहील तो परीक्षक नव्हे. गुटेनबर्गसंबंधींच याचा एक चांगला दाखला आहे. दृष्टिहीनांस हें साधन वापरतां येतें कीं नाहीं, अशी शंका प्रारंभापासून होती. उच्च शिक्षणसंस्थांत वर्डप्रेस वापरणाऱ्या लोकांचा 'डब्ल्यूपी-कॅम्पस' नांवाचा एक संघ आहे. त्यानें वर्गणी जमवून तज्ज्ञांकडून या साधनाची तपासणी करविली आणि तिचा अहवाल २०१९ सालीं सर्वांसाठीं प्रसिद्ध केला. कोणत्या ठिकाणीं कोणती अडचण येते हें त्यांत एकेक करून मांडलें होतें. हा अहवाल गोड नव्हता. एका तारकेइतकाच तोहि असंतोषाचा उद्गार होता. परंतु तो हातीं घेऊन काम करतां येत होतें. नुसती एक तारका हातीं घेऊन काय करावें?

यावर कोणी म्हणेल, सामान्य मनुष्यानें एवढी विद्या कोठून आणावी? ज्याचें दुखतें त्यानें ओरडूंहि नये काय? आक्षेप रास्त आहे. रोग्यास वैद्यक येत नसतें व येण्याची जरुरीहि नसते. पण कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, काय खाल्ल्यावर दुखतें, एवढें त्यास सांगतां येतें. आणि तेवढें न सांगतां वैद्यास शिव्या दिल्यानें दुखणें थांबत नाहीं. समुदायाच्या ओरडण्यासहि कांहीं बळ असतें, हेंहि मान्य केलें पाहिजे. लेखनाची जुनी पद्धत ठेवूं इच्छिणाऱ्यांसाठीं 'क्लासिक एडिटर' हें प्लगइन देण्यांत आलें, व २०२१ च्या अखेरीपर्यंत ठरलेली त्याची मुदत पुढें वाढविण्यांत आली. लोकांची नाराजी अगदींच वायां गेली नाहीं.

परंतु ओरडण्याचें हें बळ दुधारी आहे. 'एक्सझेड' नांवाची, माहितीचें आकारमान लहान करणारी एक प्रणाली जगांतील असंख्य यंत्रांवर चालते. तिचा सांभाळ मुख्यत्वें एकच गृहस्थ वेतनावांचून करीत असे. २०२२ सालीं कांहीं अपरिचित नांवांनीं त्यास दिरंगाईबद्दल टोचण्यास सुरुवात केली. आपली मानसिक प्रकृति ठीक नाहीं व हें काम आपण हौसेनें करतों, असें त्यानें सांगून पाहिलें. तरी दुसऱ्याच्या हातीं काम सोंपविण्याचा तगादा चालूच राहिला. अखेर एका होतकरू भासणाऱ्या साहाय्यकाच्या हातीं अधिकार गेले, आणि त्या साहाय्यकाच्या नांवानें प्रणालींत एक चोरदरवाजा घालण्यांत आला. टोचणारीं तीं नांवें बनावटच असावींत, असा जाणत्यांचा तर्क आहे. पण मला भय वाटतें तें बनावटीचें नव्हे. असली टोचणी इतकी नेहमींची होती कीं तिचा कोणास संशयहि आला नाहीं! कपटी मनुष्यास सोंग घ्यावयाचें होतें, आणि त्यानें सामान्य वापरणाऱ्याचें घेतलें; तें हुबेहूब वठलें.

तो चोरदरवाजा उघडकीस आणला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें, २९ मार्च २०२४ रोजीं. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेंच त्याच्या ध्यानांत आलें होतें. त्यानें कोणास दोष दिला नाहीं; त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो मुळाशीं गेला व जें आढळलें तें पुराव्यासह जगापुढें मांडलें. यालाच मी खरा अभिप्राय म्हणतों. कर्त्यावर हक्क गाजविणारी वाणी चोराच्या उपयोगीं पडली, आणि वस्तूकडे निरखून पाहणारी दृष्टि सर्वांच्या उपयोगीं पडली.

तात्पर्य, धर्माच्या गाईचे दांत अवश्य पाहावे. फुकट घेतलेल्या वस्तूचें ऋण पैशानें फिटत नाहीं, कारण पैसा कोणी मागितलेलाच नाहीं. लक्ष देऊन पाहणें आणि पाहिलें तें नेमकें सांगणें, एवढ्यानेंच तें कांहीं अंशीं फिटतें. मात्र दांत पाहणाऱ्यानें गाईस चारा मिळतो कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं पाहावें. कारण दूध तो रोज पीत आहे.