तीन साक्षी

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात डॅनबरी नावाचं शहर आहे. तिथे पर्किन-एल्मर कंपनीत १९७९ ते १९८१ या काळात २.४ मीटर व्यासाचा एक आरसा घासला जात होता, हबल अवकाश दुर्बिणीचा मुख्य आरसा.

असा आरसा थोडा घासायचा, मापायचा, उंचवटा दिसेल तिथे पुन्हा घासायचा, पुन्हा मापायचा. हात चालतो तो मापाच्या सांगण्यावरून. मापासाठी तिथे दोन छोटे आरसे आणि एक भिंग असलेलं खास उपकरण होतं. त्याला नल करेक्टर म्हणतात. त्यातलं भिंग नेमकं कुठे बसवायचं हे एका धातूच्या दांड्यावरून ठरायचं. दांड्याच्या टोकावर काळा रंग दिलेली टोपी, टोपीला बारीक भोक, आणि त्या भोकातून जाणारा प्रकाश टोकावर आपटून परत यायचा. पण टोपीचा रंग एका जागी उडाला होता. प्रकाश त्या उघड्या चकाकत्या धातूवरूनच परतला आणि माप चुकलं. भिंग ठरलेल्या जागी नेताना स्क्रू पुरेना. तिथेच कुणीतरी थांबायला हवं होतं. त्याऐवजी साधे वॉशर घालून भिंग बसवलं गेलं, १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी.

त्यानंतर कारागिरांनी जे केलं त्याला तोड नाही. आरसा विलक्षण गुळगुळीत झाला, फक्त आकार चुकला. कडेला तो हवा त्याहून सुमारे २.२ मायक्रॉन सपाट होता. त्यांच्या हाताला मी दोष देणार नाही. हाताने मापाचं इमानानं ऐकलं.

मला बोचतं ते पुढचं. आणखी दोन साक्षी हजर होत्या. एक, निव्वळ भिंगांचा बनलेला जुना करेक्टर. दुसरं, मुख्य करेक्टर नीट बसला आहे की नाही हे पाहण्यासाठीच केलेलं उपकरण. दोघांनीही दोष दाखवला. पण ही दोन्ही कमी अचूक, तेव्हा चूक त्यांचीच असणार, असं ठरलं. काम आधीच लांबलं होतं, पैसा संपत आला होता. अशा वेळी जी साक्ष सोयीची, तीच खरी वाटते. पूर्ण दुर्बीण जोडून एकदा ताऱ्यासारख्या प्रकाशावर तपासावी, तर तेही खर्चापायी राहून गेलं.

२४ एप्रिल १९९० ला हबल अवकाशात गेली. तारे धूसर दिसले. चौकशीसाठी नेमलेल्या जनरल ल्यू ॲलन यांच्या समितीने डॅनबरी गाठलं, तेव्हा ते उपकरण जसंच्या तसं उभं होतं. माप घेतलं आणि १.३ मिलिमीटरचा उलगडा झाला. चूक नेमकी किती हे कळल्यामुळे तिच्या उलट वक्रतेचे नाण्याएवढे आरसे घडवता आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते बसवले, सोबत नवा कॅमेराही. तारे स्पष्ट उमटले.

मात्र हे छोटे आरसे जमिनीवर असताना त्यांचं माप एकाच उपकरणावर सोपवलं नव्हतं. नासाच्या गॉडार्ड केंद्राच्या वेगळ्या उपकरणावर, वेगळ्या माणसांनी तेच माप पुन्हा घेतलं होतं.