फळ्यावरचे शेरे

देहूरोड स्टेशनवरून तळवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं वर्कशॉप होतं. चार लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दारापाशी एक लाल पेटी. चुकलेला जॉब त्या पेटीत पडायचा. बरोबर आलेला चाकणला जायचा, मोठ्या कंपनीच्या गाड्यांसाठी.

शेठ हौशी होता. त्याने प्रत्येक लेथजवळ एक काळा फळा लावला आणि म्हणाला, "येता-जाता ज्याला जे दिसेल ते त्याने इथे लिहावं. काम सुधारेल."

तिसऱ्या लेथवर आयटीआय करून आलेला एक पोरगा होता. त्याला शाफ्टचं काम दिलं होतं. जाडी 25 मिलिमीटर, लांबी 200. मापात सूट फक्त 2 शतांश मिलिमीटरची. पहिल्या दिवशी त्याने थोडेच शाफ्ट केले, पण सगळे मापात आले.

संध्याकाळी कोणीतरी फळ्यावर लिहिलं, "कासव."

दुसऱ्या दिवशी पोराने हात चालवला. शाफ्ट भरपूर झाले आणि बरेचसे लाल पेटीत गेले. आता फळा भरायला वेळ लागला नाही. "लक्ष कुठे आहे?" "आयटीआयमध्ये हेच शिकवलं का?" "स्पीड वाढव." त्याच्याच खाली, "स्पीड कमी कर." एका भल्या माणसाने लिहिलं, "एक नंबर! असाच पुढे जा." तो भला माणूस पेटीकडे न बघताच गेला होता.

पोराने स्पीड वाढवला. मग कमी केला. टूल बदललं. पेटी भरतच राहिली.

तपासणीचा मुख्य माणूस फार कडक होता. त्याच्या नजरेतून चूक सुटत नसे, हे मान्य करायला हवं. तो मायक्रोमीटर लावायचा, जॉब खणकन पेटीत टाकायचा आणि फळ्यावर लिहायचा, "भंगार." अक्षर मोत्यासारखं. लोक ते वाचायला थांबत आणि हसत. शेठलाही वाटायचं, तपासणी असावी तर अशी.

त्याच्या हाताखाली एक बाई होती. तिने फळ्यावर अजून काहीच लिहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती लाल पेटीपाशी बसली. एकेक शाफ्ट उचलून तिने तीन-तीन ठिकाणी मोजला आणि मापं कागदावर उतरवली.

संध्याकाळी पोरगा देहूरोड स्टेशनच्या बाकावर बसला होता. बाईलाही तळेगावला जायचं होतं. ती शेजारी बसली.

"ताई, मी उद्यापासून येत नाही," पोरगा म्हणाला. "मला हे जमणार नाही. सगळेच तसं लिहितात."

"इथून देहू किती लांब आहे?" बाईने विचारलं.

"जवळच आहे की."

"तिथली कथा ठाऊक आहे ना? रामेश्वर भट्टांनी तुकोबांना अभंगाच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तुझा अधिकार काय, म्हणाले. अभंगाआधी माणूस तपासला. पुढे मात्र त्यांनीच तुकोबांची आरती लिहिली." तिने पर्समधून कागद काढला. "आता हे बघ. तुझे शाफ्ट चकच्या, म्हणजे पकडलेल्या बाजूला मापात आहेत. फिनिशही चांगलं आहे. फक्त मोकळ्या टोकाला 4 शतांश जाड होतात. सगळेच तिथे. तू टेलस्टॉकचं सेंटर लावत नाहीस का?"

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी लावत होतो. सेंटर ड्रिल मारण्यात वेळ जातो. फळ्यावर कासव लिहिलं, म्हणून सोडलं."

"मग टोकाला आधार कशाचा? टूल लागलं की जॉब मागे सरतो. तिथे कट कमी बसतो, म्हणून जाड राहतो. उद्या ये. एक शाफ्ट माझ्यासमोर कर."

दुसऱ्या दिवशी ती लेथपाशी उभी राहिली. पोराने सेंटर लावलं, शाफ्ट केला आणि स्वतःच मोजला. मापात होता. त्या दिवशी पेटीत फार काही पडलं नाही.

शेठ पेटी बघून चकित झाला. त्याने बाईला बोलावलं. "फळ्यावर तर तुमचं एक अक्षर नाही. मग हे कसं झालं?"

बाई म्हणाली, "शेठ, फळ्यावर सगळ्यांनी पोराविषयी लिहिलं. शाफ्टविषयी कोणीच लिहिलं नाही. नुसत्या निंदेने माप येत नाही, आणि नुसत्या कौतुकानेही नाही. कुठे चुकलं आणि आता काय करायचं, एवढं सांगितलं की माणूस कामाला लागतो."

शेठने फळे काढले नाहीत. पेंटर बोलावला आणि प्रत्येक फळ्याच्या डोक्यावर लिहून घेतलं, "आधी मोजा. मग लिहा."

बरेच दिवस फळे रिकामे राहिले. मग एकदा कडक तपासनीस खडू घेऊन तिसऱ्या लेथपाशी आला. उभं राहून त्याने एक अख्खा जॉब होताना पाहिला, तीन ठिकाणी मोजला आणि लिहिलं, "मधोमध 3 शतांश जाड. शेवटचा कट हलका घे."

अक्षर पूर्वीसारखंच मोत्याचं होतं. पण वाचायला कोणी थांबलं नाही. पोराने वाचलं आणि कट हलका घेतला.