शाळेंतील यंत्र आणि विद्येचे श्रम

शाळेंत यंत्र असावें कीं नसावें, हा वाद सांप्रत पालकांच्या सभेंत व शिक्षकांच्या बैठकींत सारख्याच आवेशानें चालतो. एक पक्ष म्हणतो, यंत्रावांचून मूल जगाच्या मागें पडेल. दुसरा म्हणतो, यंत्रानें त्याची बुद्धि बोथट होईल. अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या आम्हां लोकांस दोन्ही पक्षांचें म्हणणें नित्य ऐकावें लागतें; आणि आमच्या मतें दोघांनींहि मूळ प्रश्नास हात घातलेला नाहीं. यंत्रावांचून शाळा कधींच नव्हती. धूळपाटी, बोरू, दगडी पाटी व छापील पुस्तक हीं आपापल्या काळचीं यंत्रेंच होत.

लेखनकलेवरहि एकदां असाच आरोप झाला होता. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादांत सॉक्रेटीस एक कथा सांगतो: मिसर देशच्या थ्यूथ नामक देवानें लेखनाची कला शोधून थामस राजापुढें ठेविली, तेव्हां राजा म्हणाला कीं, हिच्यामुळें माणसें स्मरणाचा अभ्यास सोडतील, व त्यांस ज्ञान न मिळतां ज्ञानाचा भास मात्र मिळेल. हा आक्षेप आमच्यापर्यंत पोंचला तो लेखनाच्याच द्वारें, ही त्यांतील मौज खरी. तथापि राजाचें म्हणणें निखालस खोटें नव्हतें. ज्या वैदिकास घनपाठ मुखोद्गत असतो त्याची धारणाशक्ति पोथी उघडून पाहणाऱ्यास येत नाहीं. साधन कांहीं देतें तसें कांहीं नेतेंहि. आणि काय न्यावें हें ठरविण्याचा अधिकार आपण त्याच्या स्वाधीन करूं नये, एवढाच बोध या कथेपासून घ्यावयाचा.

साधनाच्या भक्तांचा इतिहासहि पाहण्यासारखा आहे. १९२२ सालीं एडिसननें असें भविष्य वर्तविलें कीं, थोडक्याच वर्षांत चलच्चित्रें पाठ्यपुस्तकांची जागा बहुतांशीं घेतील. शंभर वर्षें लोटलीं. पुस्तक अद्याप जागेवर आहे. पेरू देशाच्या सरकारनें २००८ पासून शाळांस लाखों लॅपटॉप वांटले. परंतु २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत गणित व भाषा या विषयांच्या गुणांत त्यामुळें वाढ झालेली आढळली नाहीं.

मग मूळ प्रश्न कोणता? आमच्या मतें तो श्रमांचा आहे. विद्यार्थ्यास पडणारे श्रम दोन जातींचे असतात: एक विद्येच्या वाटेंतील अडथळ्याचे, दुसरे खुद्द विद्येचेच. अंध मुलास पुस्तक वाचून दाखविणारें यंत्र, किंवा डोंगरांतील वाडीवरच्या मुलीस दूरच्या ग्रंथालयांतील पुस्तक घरीं आणून देणारें यंत्र, पहिल्या जातीचे श्रम वांचवितें. त्यास नांवें ठेवणें केवळ निर्दयपणा होय. परंतु निबंधाचें पहिलें वाक्य सुचेपर्यंत लेखणी घेऊन तिष्ठत बसणें, लिहिलेलें खोडणें, आपल्या मनांत नक्की काय आहे याचा शोध घेणें, हे श्रम दुसऱ्या जातीचे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांच्या हातीं आल्यापासून हेहि श्रम यंत्रावर सोंपवितां येऊं लागले आहेत. तालमींत जोर दुसऱ्यानें काढले तर आपले दंड भरत नाहींत, हें गांवांतल्या पोरासहि कळतें. बुद्धीच्या बाबतींत मात्र शहाण्यांसहि त्याचा विसर पडतो.

कोणी म्हणेल, पावकी, निमकी, दिडकी हे पाढेहि असेच गेले. त्यांवांचून काय अडलें? आक्षेप रास्त आहे. १९५७ सालीं दशमान पद्धतीचीं नाणीं आलीं, आण्या-पैचा हिशेब संपला, व पुढें गणकयंत्रानें उरलेली गरजहि भागविली. पण ते पाढे बाजाराच्या उपयोगाचे होते. बाजार बदलतांच त्यांचें प्रयोजन सरलें. आपलें म्हणणें आपल्या शब्दांत मांडतां येणें हें बाजारापुरतें नाहीं. ज्यास तें येत नाहीं, त्यास दुसऱ्याचें म्हणणें पारखतांहि येत नाहीं. आणि असा मनुष्य मत देतो, साक्ष देतो, मुलें वाढवितो.

येथें सर्व दोष विद्यार्थ्याच्या माथीं मारून चालणार नाहीं. यंत्रानें लिहिलेला निबंध यंत्राकडूनच तपासून घेणारा शिक्षक त्याच पापाचा वांटेकरी आहे. मुलानें खरें लिहावें अशी अपेक्षा असेल, तर तें कोणी तरी खरोखर वाचणार आहे, असा भरंवसा त्यास पाहिजे. साठ वह्या तपासणें जिकिरीचें आहे, हें आम्ही जाणतों. तर मग निबंध कमी द्यावे, पण वाचावे.

शेवटीं न्यायाचा मुद्दा. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद होऊन वर्ग फोनवर भरूं लागले. तेव्हां ज्या घरीं एकच फोन, व तोहि बापाबरोबर कामावर जाणारा, त्या घरचें मूल वर्गाबाहेर राहिलें. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा चालविली, तेव्हां साधनें तुटपुंजीं होतीं. पण शाळा मुलांकडे चालत गेली होती. नव्या साधनाची परीक्षा आम्ही या दोनच गोष्टींनीं करूं: तें मुलाच्या वाटेंतील धोंडा दूर करतें कीं त्याचें चालणेंच बंद करतें, आणि तें शेवटच्या बांकावरील मुलापर्यंत पोंचतें कीं नाहीं. या परीक्षेस उतरेल तें यंत्र शाळेंत खुशाल यावें. न उतरेल तें कितीहि नवें असलें तरी दाराबाहेर ठेवण्याचें धैर्य शिक्षकाच्या अंगीं असलें पाहिजे.