उजेड खाली आणा

नागोठण्याहून रोह्याकडे जाताना निडी स्टेशन लागतं. तिथल्या एका घरात आषाढातल्या धो धो पावसात झेंडूची चर्चा चालली होती. अशा पावसात वाफ्यातली कोवळी रोपं कुजतात आणि दसऱ्याला घरचं फूल हवं तर बी आताच टाकायला हवं. म्हणून नववीतल्या नातीने माजघरातच रोपं करायची ठरवली. बाबांनी दोन एलईडी ट्यूब आणून वर आढ्याला बांधल्या. खाली ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा भरला आणि त्यात झेंडू नि तुळशीचं बी पेरलं.

पाचव्या दिवशी झेंडू उगवला. आठवड्याभरात रोपं बोटापेक्षा उंच झाली. नात रोज पट्टी लावून उंची वहीत लिही. शेजारी बसून तिसरीतला भाऊ एका दमात वीसपर्यंत पाढे म्हणे. येणाराजाणारा दोघांचं कौतुक करी, "काय झपाट्याने वाढतंय सगळं!"

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सगळी रोपं आडवी पडलेली दिसली. दोऱ्यासारखे पांढुरके देठ, टोकाला दोन फिकट पानं.

"आजी, पाणी द्यायला एक दिवस चुकले नाही मी. इतकी उंच झाली होती गं!"

आजीने एक रोप तळहातावर घेतलं. "बाय, नवरात्रात आपण घट बसवतो, त्यातलं धान कसं दिसतं?"

"उंच. पण पिवळं."

"देवघरात उजेड कुठून येणार? नंदादीप देवाला पुरतो, पिकाला नाही. ते धान दाण्यातली शिदोरी खाऊन नऊ दिवस काढतं. झेंडूचं बी केवढंसं! त्याच्या शिदोरीवर किती दिवस जाणार? ही रोपं वाढत नव्हती, बाय. उजेड शोधत होती. भुकेनं मान लांब केली त्यांनी."

नातीने वही उघडली. इतके दिवस आपण वाढ म्हणून जी लिहिली, ती त्यांची भूक होती!

तिने पुन्हा बी टाकलं. या वेळी दोरी सैल करून ट्यूब ट्रेपासून वीतभर अंतरावर आणल्या. रोपं वाढतील तशा त्या वर घ्यायच्या. सकाळी सहाला लावायच्या, रात्री आठला बंद करायच्या. भुसा वरून सुकला की ट्रेखालच्या थाळीत पाणी ओतायचं. आजी रोज संध्याकाळी शेंड्यांवरून अलगद हात फिरवी. "घरात वारा नाही. मग यांना डुलायला कोण शिकवणार?"

ही रोपं बुटकी राहिली, पण देठ जाड आणि पानं गर्द हिरवी. महिन्याभराची झाल्यावर ती पडवीत निघाली, पहिल्या दिवशी तासभर, दुसऱ्या दिवशी दोन तास. आठवड्याने अंगणात लागली. वारं आलं, सरी आल्या, रोपं वाकली आणि पुन्हा उभी राहिली.

दसऱ्याच्या सकाळी टोपलीत तोरणापुरती फुलं जमली. भाऊ बाराचा पाढा घोकत होता. नातीने सहज विचारलं, "एका माळेत बारा फुलं. अशा तीन माळा. मग फुलं किती?"

भाऊ गप्प झाला. पाढा तोंडपाठ होता, फुलं मात्र मोजता येईनात.

नात त्याच्यावर रागावली नाही. टोपली घेऊन त्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली. तिने बारा फुलांची एक रांग मांडली. "आता पुढची तू मांड."

तिसरी रांग पुरी होताच भावाचा चेहरा खुलला. "छत्तीस!"

दारात आंब्याची पानं ओवत बसलेली आजी म्हणाली, "ट्यूब खाली आणलीस हो, बाय."

तात्पर्य : लांबून मिळालेल्या उजेडाने उंची वाढते, बळ येत नाही. ज्याला वाढवायचं त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं.